पारदर्शक पाण्याचा पांढरा पडदा

नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो धावू लागली. जुलैतल्या एखाद्या दमट दुपारी तिच्या गार डब्यातून खारघरच्या बाजूला उतरणाऱ्या चष्मेवाल्यांकडे जरा पाहावं. दार उघडतं, माणूस फलाटावर पाय ठेवतो आणि बघता बघता त्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या होतात. बाकीचे लोक जिन्याकडे निघून जातात. हा मात्र जागीच थबकतो, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसतो, पुन्हा डोळ्यांवर चढवतो, आणि काचा पुन्हा पांढऱ्या. हे इतकं रोजचं झालं आहे की त्यात नवल करण्यासारखं काही उरलंय, असं कुणाला वाटत नाही. पण काचेवर कुणी काही सांडलेलं नाही, कुणी फुंकर घातलेली नाही, फलाटाच्या छपराखाली पाऊसही नाही. मग हे पाणी आलं कुठून? दुसरा प्रश्न मला त्याहून जास्त छळतो. पाणी पारदर्शक आणि काचही पारदर्शक, मग दोघं एकत्र आल्यावर पांढरा पडदा कसा तयार होतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याभोवतीच तरंगत असतं. तीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त तीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, वीस अंशाला जेमतेम सतरा. नवी मुंबईत पावसाळ्यात हवा साधारण अठ्ठावीस अंश आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्के असते असं धरलं, तर दर घनमीटरला तेवीस ग्रॅम पाणी होतं. नेरुळमधली एखादी छोटी खोली, तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच, घेतली तर तिच्या रिकाम्या दिसणाऱ्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी असतं. ते दिसत नाही, कारण खरी वाफ अदृश्यच असते. चहाच्या किटलीच्या तोटीशी नीट पाहा. तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, थोडं अंतर सोडून पांढरा झोत सुरू होतो. वाफ असते ती त्या रिकाम्या जागेत. पांढरं दिसतं ते गार होऊन थेंब झालेलं पाणी.

ही हवा गार करत नेली की एका ठिकाणी तिची पाणी धरून ठेवण्याची ताकद संपते. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. आपल्या जुलैतल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंशांच्या आसपास. मेट्रोच्या डब्यात चष्मा बावीस-तेवीस अंशांवर आलेला असतो. तो बाहेर आला की भोवतीची हवा काचेला टेकते, दवबिंदूच्या खाली जाते आणि आपल्याजवळचं जास्तीचं पाणी काचेवर ठेवून जाते. काच हवेइतकी तापली की पडदा आपोआप विरतो. पुसण्यापेक्षा अर्धा मिनिट थांबलेलं बरं.

दव आकाशातून पडतं असं लोक फार काळ मानत होते. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरने रात्री-अपरात्री बागेत जाऊन लोकरीचे पुंजके फळीच्या वर आणि खाली ठेवले, सकाळी त्यांचं वजन केलं आणि १८१४ मध्ये दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. गवत, पानं, लोकर या वस्तू निरभ्र आकाशाखाली उष्णता गमावून हवेपेक्षा गार होतात आणि म्हणून त्यांच्यावर दव जमतं, हे त्याने दाखवून दिलं. खारघरच्या फलाटावरच्या चष्म्यावर पाणी जमतं, तेही तो भोवतीच्या हवेपेक्षा गार असतो म्हणूनच.

गाडी चालवणाऱ्याने मात्र एक गोष्ट ओळखायला हवी, की पाणी काचेच्या कुठल्या बाजूला आहे. नवी मुंबई परिवहनच्या (एनएमएमटी) एसी बसच्या काचा पावसाळ्यात बाहेरून धूसर होतात, कारण गार बाजू आतली आणि दमट हवा बाहेरची. वायपर फिरला की काम झालं. काचा बंद केलेल्या, एसी न लावलेल्या गाडीत चार भिजलेली माणसं बसली की प्रकार उलटा होतो. उच्छ्वास जवळजवळ पस्तीस अंशांचा आणि वाफेने काठोकाठ भरलेला असतो, ओले कपडेही वाफ सोडत असतात, आणि पावसाच्या माऱ्याने काच बाहेरून गार झालेली असते. मग पडदा आतून धरतो आणि वायपर बाहेर फुकट फिरत राहतो. अशा वेळी एसी लावला की आतली हवा कोरडी होते आणि काच मोकळी होते. पण धूसरपणा बाहेरचा असताना गार झोत काचेवर सोडला तर तो आणखी वाढतो. सायन-पनवेल रस्त्यावर भर पावसात हा फरक कळणं जिवावरचं असू शकतं. काचेला आतून बोट लावून पाहिलं की क्षणात उलगडा होतो.

आता तो दुसरा, मला छळणारा प्रश्न. न्हाणीघरातला आरसा वाफेने पांढरा झाला की त्याच्यावर ओंजळभर पाणी मारून पाहा. पाणी वाढलं, आणि चेहरा मात्र लख्ख दिसू लागतो! पाणीच जर आड येत असतं तर जास्त पाण्याने जास्त झाकलं जायला हवं होतं. म्हणजे दोष पाण्याचा नाही, त्याच्या आकाराचा आहे. काचेवर जमलेला प्रत्येक थेंब हे एक इवलंसं भिंग असतं. त्याच्यातून गेलेला प्रकाश वाकतो, आणि शेजारचा थेंब त्याला वेगळ्याच दिशेला वाकवतो. एका चौरस सेंटिमीटरवर अशी हजारो भिंगं बसलेली असतात. समोरच्या झाडाचा हिरवा, बसचा लाल, आभाळाचा करडा असे सगळे किरण एकमेकांत मिसळून डोळ्यापर्यंत पोहोचतात आणि त्या मिश्रणाचा रंग पांढरट होतो. प्रकाश जवळजवळ सगळा येतो. हरवते ती त्याची दिशा. तेच पाणी सपाट पसरलं की किरण पुन्हा आपापल्या वाटेने सरळ येतात.

मग पाणी पसरत का नाही? अगदी स्वच्छ काचेवर ते पसरतंच. पण आपल्या बोटांचं तेल, धूर, स्वयंपाकाची वाफ यांचा न दिसणारा थर काचेवर सदैव असतो. पाण्याला त्याची ओढ नसते, आणि ते स्वतःला आक्रसून घेत थेंब होतं. जॉन एटकेन या स्कॉटिश संशोधकाने काचेवरून बारीक ज्योत फिरवली आणि मग काचेवर श्वास सोडला. जिथून ज्योत गेली होती तिथे धूसरपणा आलाच नाही. तेवढ्या पट्ट्यावर पाणी सपाट पसरलं होतं. १९११ मध्ये एटकेन आणि लॉर्ड रॅले यांच्यात ज्योत तिथे नेमकं काय करते यावर वाद झाला. निळ्या आकाशाचं कोडं सोडवणारा, नोबेल मिळालेला माणूस काचेवर श्वास सोडून त्याकडे निरखून पाहतो आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लहान मुलं बसच्या काचेवर बोटाने नाव लिहितात, ते पुसट होऊन जातं आणि पुढच्या पावसात पुन्हा उमटतं, त्याचंही उत्तर इथेच आहे. बोटाने काचेवरचा थर बदललेला असतो, आणि नवे थेंब त्या बदलाप्रमाणे लहानमोठे बसतात.

हाच धडा अंतराळात फार महागात पडला असता. ५ जून १९६६ रोजी जेमिनी-९ए यानाबाहेर पडलेल्या अंतराळवीर यूजीन सर्नन यांचा श्वास श्रमाने इतका वाढला की शिरस्त्राणाची काच आतून पूर्ण पांढरी झाली. काच पुसायला हात आत जाणं शक्य नव्हतं. दोन तासांहून अधिक काळ यानाबाहेर काढून ते जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी परत आत आले. पुढच्या मोहिमांत काचेला पाणी पसरवणारा लेप लावायला सुरुवात झाली. पाणबुडे हे ज्ञान फार आधीपासून वापरतात. डुबकी मारण्यापूर्वी ते मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी चोळतात. लाळेतल्या चिकट प्रथिनांमुळे पाणी थेंब न होता पसरतं. १९९७ मध्ये जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की टायटॅनियम डायॉक्साइडचा पातळ थर दिलेल्या काचेवर अतिनील प्रकाश पडला की पाणी तिच्यावर थेंब धरतच नाही. गाड्यांच्या बाजूच्या आरशांसाठी तो थर वापरला जाऊ लागला. थुंकी असो की टायटॅनियम, यातलं कुणीही पाणी हटवत नाही.

काचेवरून हवेकडे वळलो की थेंबांना बसायला काच उरत नाही. तरीही धुकं पडतं, कारण हवेत धूळ असते. एटकेनने १८८०च्या सुमारास दोन भांड्यांत वाफ सोडली होती, एकात नेहमीची हवा आणि दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात दाट धुकं झालं, दुसऱ्यात काहीच नाही. प्रत्येक धुक्याच्या थेंबाच्या पोटात एक कण असतो. नवी मुंबईला असे कण कमी पडत नाहीत. ठाण्याच्या खाडीचं आणि मिठागरांचं मीठ आहे, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने आहेत, तुर्भ्याला बाजार समितीकडे रात्रभर येणाऱ्या ट्रकांचा धूर आहे. मिठाचा कण तर आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतो, शंभराची वाट पाहत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असताना, खाडीकाठी जो राखाडी थर बसतो तो धड धुकं नसतो आणि धड धूरही. मराठीत त्याला धुरकं म्हणतात.

कण वाढले की काय होतं याचा हिशेब साधा आहे. तेवढंच पाणी निम्म्या त्रिज्येच्या थेंबांत वाटलं तर थेंब आठपट होतात आणि त्यांचा एकूण पसारा दुप्पट. दृश्यता निम्म्यावर येते. पाणी तेवढंच राहतं, आंधळेपण मात्र दुप्पट होतं. हवामान खातं दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुकं म्हणतं, दोनशे मीटरच्या खाली गेली की दाट धुकं. अशा धुक्याच्या एका घनमीटरमध्ये थेंबांच्या रूपातलं पाणी किती असेल? एक ग्रॅमही नाही, बहुधा त्याचा काही दशांशच. मघाची नेरुळची खोली धुक्याने गच्च भरली तरी तिच्यातले सगळे थेंब गोळा करून एखादा चमचा भरेल. अर्धा लिटर पाणी वाफ होऊन राहिलं तर पलीकडची भिंत स्वच्छ दिसते, आणि चमचाभर पाणी थेंब झालं की शेकडो मीटरवरची इमारत गायब होते.

१९९२ मध्ये हार्बर लाइन खाडी ओलांडून वाशीला आली. त्या पुलावरून जाताना हिवाळ्याच्या सकाळी पारसिकची डोंगररांग दिसते तरी किंवा दिसत नाही तरी. न दिसण्याची तऱ्हा मात्र नीट पाहण्यासारखी आहे. डोंगर अंधारत नाही, उलट उजळतो. उजळत उजळत त्याचा रंग मागच्या आकाशाइतकाच होतो आणि मग तो उरत नाही. आपल्या आणि डोंगराच्या मधल्या हवेतले कण सूर्याचा प्रकाश आपल्याकडे वळवत असतात, आणि डोंगराकडून येणाऱ्या मंद प्रकाशात हा आगंतुक प्रकाश मिसळतो. जर्मन शास्त्रज्ञ कोशमीडर याने १९२४ मध्ये याचं गणित मांडलं. आकाश आणि वस्तू यांच्या उजेडातला फरक दोन टक्क्यांच्या आसपास आला की डोळा हार मानतो. पाम बीच रोडवर धुरक्यात गाडीचे दिवे वर केले की आणखीच दिसेनासं होतं, त्याचं कारण हेच. आपण स्वतःच मधल्या हवेत जास्तीचा उजेड ओततो.

अंधारणं आणि धूसर होणं यांतला हा भेद आपली भाषा आधीपासून पाळत आली आहे, असं मला वाटतं. मनावर मळभ येतं, आणि आठवण धूसर होते. मळभ म्हणजे उजेड कमी होणं, ढगाने सूर्य झाकणं. धूसर होणाऱ्या आठवणीत काळोख नसतो. आजीच्या घराची आठवण काळवंडत नाही. तिच्या आणि आपल्यामध्ये इतर घरं, इतर दुपारी, इतरांनी सांगितलेल्या गोष्टी येऊन बसतात आणि कडा विरून जातात.

जाता जाता माथेरानबद्दल. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला सव्वाशेने गुणलं की ढगाचा तळ किती मीटरवर असेल याचा ढोबळ अंदाज येतो. जुलैत तीन अंशांचा फरक असेल तर पावणेचारशे मीटर. माथेरान आठशे मीटरवर आहे. पनवेलहून पाहणाऱ्याला जो ढग दिसतो, तो माथेरानच्या रस्त्यावर चालणाऱ्याला धुकं वाटतो.

आणि आता डोळे. काच धूसर होते तसे डोळे पाणावतात असं म्हणतो, पण शरीराने इथे काही वेगळंच रचलं आहे. डोळ्याचं पारपटल, म्हणजे त्याचा पुढचा पारदर्शक पडदा, चौतीस अंशांच्या जवळपास असतं. बाहेरची वाफ त्याच्यावर जमायची तर हवेचा दवबिंदू त्याहून वर जायला हवा, आणि नवी मुंबईचा उकाडा कितीही जीव काढो, तो तिथवर जात नाही. सौदी अरेबियात धाहरानला २००३च्या जुलैत पस्तीस अंशांचा दवबिंदू नोंदला गेला, तो जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी एक. शिवाय डोळा मुळात ओलाच असतो. पारपटलावर काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा अश्रूंचा थर पसरलेला असतो. तो थेंब होऊन फुटत नाही, कारण त्याच्या तळाशी पेशींवर म्यूसिन नावाची चिकट प्रथिनं बसवलेली आहेत. लाळेतही म्यूसिन असतात. पाणबुडा काचेला जे चोळतो, ते शरीराने डोळ्यावर जन्मतःच लावून ठेवलं आहे, आणि दर काही सेकंदांनी पापणी तो थर पुन्हा सारखा करते. जगातली सगळ्यात कमी धूसर होणारी काच शोधायची असेल तर ती आपल्या कपाळाखाली आहे.

मग पाणावतात ते काय? एका डोळ्यात एरवी सुमारे सात मायक्रोलिटर अश्रू असतात. पापण्यांच्या आत तीसेक मायक्रोलिटर मावतात, त्यापुढे ते गालावर येतात. बाटलीतून टाकलेला औषधाचा एक थेंबही याहून मोठा असतो, म्हणूनच तो बाहेर ओघळतो. सात आणि तीस यांच्यामधला तो चिंचोळा अवकाश, म्हणजे पाणी आलं आहे पण सांडलेलं नाही, त्यासाठी मराठीने किती शब्द राखून ठेवले आहेत! डोळे ओलावतात, पाणावतात, भरून येतात, डबडबतात. ओघळणं आणि घळाघळा वाहणं त्यानंतर येतं. पाणावल्या डोळ्यांना दिसतं तेही काचेतून दिसण्यासारखं नसतं. इथे हजारो बारीक भिंगं नसतात, खालच्या पापणीवर साचलेलं एकच मोठं, हलतं भिंग असतं. त्यामुळे जग पांढरं पडत नाही. दिवे लांबतात, त्यांना शेपट्या फुटतात, समोरच्या माणसाचा चेहरा डचमळतो.

भावना आवरणारा माणूस नाक ओढतो, त्यालाही कारण आहे. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्याशी बारीक छिद्रं असतात. तिथून अश्रू नळीवाटे नाकात उतरतात. गालावर एक थेंब न येता माणूस बराच रडलेला असू शकतो.

तुर्भ्याच्या बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारात किंवा घरच्या विळीपाशी डोळ्यांत येणारं पाणीही रडण्यातल्या अश्रूंसारखंच अश्रुग्रंथींतून येतं. कांदा कापला की पेशी फुटतात, एका विकराच्या कामातून उडून जाणारा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो आणि तो डोळ्याला झोंबतो. तो विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये शोधला. कांद्याचा निरोप पारपटलाच्या मज्जातंतूकडून येतो, आणि मुलीच्या पाठवणीचा मेंदूच्या आतून. शेवटी दोघेही त्याच ग्रंथीचं दार ठोठावतात. पण दोन्ही वाटा एकाच वेळी तयार होत नाहीत. चार्ल्स डार्विनने १८७२च्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या एका तान्ह्या बाळाची नोंद केली आहे. बाळ सत्त्याहत्तर दिवसांचं असताना त्याच्या उघड्या डोळ्याला चुकून कोटाची बाही घासली. त्या डोळ्यातून घळघळ पाणी आलं, पण बाळ आकांत करत असूनही दुसरा डोळा कोरडा किंवा जेमतेम ओला राहिला. त्याआधी दहा दिवस एका रडण्यात दोन्ही डोळे थोडे पाणावले होते. एकशे बाविसाव्या दिवशीही ते वाहिले नाहीत. रडता रडता अश्रू पहिल्यांदा गालावर ओघळले ते एकशे एकोणचाळिसाव्या दिवशी. म्हणजे त्या बाळाचे डोळे आधी पाणावू लागले, आणि वाहायला त्यांना आणखी बहात्तर दिवस लागले.